इतिहासात पीएच.डी.: गाइड, दप्तर आणि सोबती

इतिहासात पीएच.डी. करतोय असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, 'कशावर?' चार-पाच वर्षांनी तेच लोक विचारतात, 'झाली का?' मधल्या काळात या माणसानं नेमकं केलं काय, हे बहुतेक वेळा घरच्यांनाही ठाऊक नसतं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला निदान प्रयोगशाळा असते. तिथे सीनियर असतात, शेजारच्या टेबलावर कोणीतरी त्याच उपकरणाशी झटत असतं. इतिहासाचा विद्यार्थी कधी पुण्याच्या पेशवे दप्तरात, कधी मुंबईच्या पुराभिलेखागारात, कधी गावातल्या वाड्यात कोणाच्या तरी पेटीपुढे बसलेला असतो, आणि उरलेला सगळा वेळ घरी. त्यातले पुष्कळजण नोकरी सांभाळून हे करतात. कोणी ज्युनियर कॉलेजात शिकवतं, कोणी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत धावतं, कोणी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते आणि गाइड राहतात आधीच्या गावात.

पदवी एकाच्या नावावर मिळते आणि तशीच मिळायला हवी. पण ती मिळवण्यासाठी जे शिकावं लागतं, ते एकट्यानं शिकणं फार अवघड आहे, आणि आपल्या विद्यापीठांत हीच बाजू सगळ्यात लंगडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. इतिहासाच्या संशोधकाचं प्रशिक्षण म्हणजे काय, त्यातलं विद्यापीठ काय देतं आणि सोबत्यांकडून काय घ्यावं लागतं, हे नव्यानं रजिस्ट्रेशन केलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही नीट सांगायला हवं.

नियम काय देतात

विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी. नियम नोव्हेंबर २०२२मध्ये आले. त्यानुसार प्रबंधाला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षं, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी सगळ्या कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ही तरतूद कित्येक मुलींना माहीतच नसते आणि त्या गुपचूप रजिस्ट्रेशन सोडून देतात, म्हणून ती मुद्दाम सांगतो.

सुरुवातीला कोर्सवर्क असतं, किमान १२ क्रेडिटचं. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधनाची नीतिमत्ता हे विषय येतात. पुढे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे सगळे जिला 'आरएसी' म्हणतात तिच्यापुढे, झालेलं काम मांडायचं. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. गाइड कितीही मनापासून शिकवणारे असले, तरी आठ विद्यार्थी, वर्गातली व्याख्यानं, पेपर तपासणी, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, कामं हे सगळं धरलं तर एका विद्यार्थ्याच्या वाट्याला महिन्याला किती तास येतील याचा हिशेब प्रत्येकानं मनातल्या मनात करून पाहावा. त्यात गाइडचा दोष नाही.

२०१६च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक लेख छापून येणं आणि परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं होतं. २०२२मध्ये ही सक्ती गेली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचं पेव फुटलं होतं, त्यामुळे लेखाची अट गेली हे चांगलंच झालं. पण परिषदेची अट गेल्यानं एक नुकसानही झालं. दुसऱ्या विद्यापीठातल्या, आपल्याच कालखंडावर काम करणाऱ्या मुलामुलींची गाठ पडायची ती अशा परिषदांच्या जेवणाच्या रांगेत. आता तिथे जाणं ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्ट सगळ्यात आधी मागे पडते.

कोर्सवर्कची अडचण वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी ते सामाजिक शास्त्रांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवलं जातं. नमुना निवड, प्रश्नावली, गृहीतक, संदर्भ देण्याच्या पद्धती हे सगळं होतं. दप्तरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, सोडल्यावर पहिल्यांदा काय पाहायचं, हे मात्र त्यात कुठेच येत नाही. आणि इतिहासाची खरी तालीम तिथूनच सुरू होते.

एका तारखेत किती शिकायचं असतं

समजा, तुमचा विषय आहे वसईची मोहीम. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी उत्तर कोकण पोर्तुगिजांकडून घेतलं. तुमच्यापुढे मोहिमेतलं एक मोडी पत्र आहे. बोरूनं सलग लिहिलेलं, शब्दांमध्ये जागा न सोडलेलं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळलेलं. त्यावर वर्ष दिलंय 'तिसा सलासीन मया व अलफ', आणि दिवस दिलाय 'छ ५ जिलकाद'.

वर्ष आहे शुहूर सनाचं. आकडे अरबी शब्दांत लिहायचे आणि एकमापासून सुरुवात करायची, अशी पद्धत. तिसा म्हणजे ९, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००. झाले ११३९. शुहूर सन सूर्य मृगात आला की सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७३८ की १७३९ हे ठरायला आधी महिना कळायला हवा. महिना आहे जिलकाद, पण तो हिजरी चांद्र वर्षाचा. 'छ' हे चंद्राची तारीख असल्याची खूण. सौर वर्ष आणि चांद्र महिना अशी दोन कालगणनांची सांगड एकाच तारखेत आहे. जंत्री, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून दाखवणारं कोष्टक, उघडून बसलं की उत्तर येतं: १७३९च्या फेब्रुवारीचा मध्य, साधारण १४ तारीख. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस इकडे-तिकडे.

आता गोव्याचा पुराभिलेख विभाग. पोर्तुगिजांनी १५८२मध्येच ग्रेगोरियन पंचांग स्वीकारलं होतं, त्यामुळे पणजीतल्या कागदांवर हाच दिवस सरळ १४ फेब्रुवारी १७३९ असा सापडतो. मुंबईच्या इंग्रजांकडे बघा. इंग्लंडनं नवं पंचांग १७५२मध्ये घेतलं, तोवर ते अकरा दिवस मागे होते. शिवाय त्यांचं सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे कंपनीच्या पत्रव्यवहारात तोच दिवस '३ फेब्रुवारी १७३८' असा लिहिलेला असू शकतो, किंवा '१७३८/९' असा जोडसाल देऊन. तीन कचेऱ्या, तीन भाषा, एकच दिवस, आणि वरवर पाहणाऱ्याला वाटेल की इंग्रजांना ही बातमी वर्षभर आधी कळली होती.

एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की हे कोणत्याही एका व्याख्यानात शिकून होत नाही. मोडी वाचायला हात बसावा लागतो. अठराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर वेगळं शिकावं लागतं. पोर्तुगीज भाषा तर वेगळीच, आणि उत्तरेकडच्या राजकारणाशी संबंध आला की फारसी. गोव्याच्या पुराभिलेखागाराचं काम आयुष्यभर पाहणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेंकरांसारखा पोर्तुगीज आणि मराठी साधनांत सारख्याच सहजतेनं वावरणारा संशोधक एखादाच. बाकीच्यांनी काय करायचं? मुंबईत इंग्रजी कागद पाहणारी एक, पणजीत पोर्तुगीज शिकणारा एक आणि पुण्यात मोडी वाचणारी एक, अशा तिघांनी एकमेकांना धरून राहायचं. तिघांचे विषय वेगळे असले तरी चालतात. फोनवर 'तुझ्याकडे या आठवड्याचं काही आहे का?' एवढं विचारता आलं तरी एका प्रकरणाची दिशा बदलू शकते.

तारीख लागली की मग मजकूर. इथेही चार डोळे दोनापेक्षा बरे. मोडी वाचनात अडतो तो शब्द बहुधा अक्षर न लागल्यामुळे अडत नाही, वस्तू माहीत नसल्यामुळे अडतो. शहरात वाढलेला विद्यार्थी 'खाजण' या शब्दापाशी अर्धा तास थबकतो, आणि कोकणातल्या मुलीला तो एका नजरेत लागतो, कारण खाडीलगतची तशी जमीन तिनं पाहिलेली असते. देशावरच्या शेतकरी घरातल्या मुलाला पड, जिरायत, बागाईत हे समजावून सांगावं लागत नाही. ग्रंथालयात न मिळणारं ज्ञान या मुलामुलींकडे असतं, आणि ते आपल्याकडे आहे हे त्यांना एकट्यानं बसल्यावर कळत नाही. विद्यापीठात पहिल्यांदाच पाऊल ठेवणाऱ्या घरातल्या विद्यार्थ्यांना तर हे कळणं फार गरजेचं असतं.

कागदावर शंका घ्यायला शिकणं

वाचता येणं ही पहिली पायरी. नंतर येते शंका. हे पत्र कोणी लिहिलं, कोणाला, आत्ताच का? कागदावर 'पैवस्ती', म्हणजे पत्र पोचल्याची नोंद आहे का, की हे न पाठवलेलं पत्र? शेवटी लेखनसीमेची मुद्रा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा कागद आजवर टिकला कसा?

पेशवे दप्तराचंच घ्या. १८१८मध्ये पेशवाई गेली आणि हे कागद इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते जपले त्यामागे इतिहासाचं प्रेम नव्हतं. कोणाचं इनाम खरं, कोणाचं वतन खरं, कोणाला सारा माफ, हे ठरवायला त्यांना पुरावा हवा होता. पुढे १८५२मध्ये इनाम कमिशन आलं आणि खेडोपाड्यांतून आणखी कागद जमा झाले. म्हणून त्या रुमालांत जमीन, महसूल, हक्क यांविषयी अफाट माहिती आहे. ज्याच्याकडे ना जमीन होती ना वतन, त्याचा आवाज तिथे फार क्वचित ऐकू येतो. ज्या विद्यार्थिनीचा विषय मोलमजुरी करणाऱ्या बायकांचा आहे, तिनं वर्षभर रुमाल उलटले आणि 'काहीच सापडत नाही' म्हणून हताश झाली, तर तिच्या हुशारीत काही कमी नाही. तिला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं की हे दप्तर कशासाठी राखलं गेलं, आणि तिची साधनं कुठे असतील: कोर्टाचे दावे, मिशनऱ्यांचे अहवाल, जात्यावरच्या ओव्या, जुनी वर्तमानपत्रं, घरातल्या ट्रंका.

आंबेडकरी चळवळीवर काम करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याचे अंक, परिषदांची हस्तपत्रकं, जलशांच्या वह्या, सभेचे फोटो यांतलं कितीतरी सरकारी दप्तराबाहेर, कुटुंबांनी सांभाळून ठेवलंय. अशा घरी जाऊन मुलाखत कशी घ्यायची, रेकॉर्डिंगची परवानगी कशी मागायची, कागदाचा फोटो घेतल्यावर एक प्रत त्या घरी परत कशी द्यायची, हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. मुलाखतीचं रेकॉर्डिंग दोघातिघांनी मिळून ऐकावं. आजी कुठे थांबल्या, कोणता प्रश्न त्यांनी टाळला, आपण घाईनं कुठे मध्येच बोललो, हे दुसऱ्याच्या कानाला आधी जाणवतं.

पुण्यातलीच जुनी वाट

हे सगळं काही नवं, बाहेरून आणलेलं नाही. ७ जुलै १९१०ला पुण्यात वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. राजवाडे तापट आणि एकांडे. गावोगाव पायपीट करून कागद जमवणारे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड त्यांनी काढले. अशा माणसालाही मंडळ काढावंसं वाटलं, यातच बरंच काही आलं. मंडळाच्या पाक्षिक सभा व्हायच्या. सापडलेला कागद तिथे आणायचा, वाचून दाखवायचा, टिपण मांडायचं आणि समोरच्यांचे आक्षेप ऐकायचे. त्यातले बरेचसे पगारी प्राध्यापक नव्हतेच. शिक्षक, वकील, कारकून असे लोक होते. पदवीसाठी नव्हे, तर कागद नीट लागावा म्हणून ते जमायचे. पुढे १९३५मध्ये मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं इथेच देशभरातले इतिहासकार जमले आणि त्यातून इंडियन हिस्टरी काँग्रेस उभी राहिली. आजही तिची अधिवेशनं बहुतेक दरवर्षी भरतात आणि तिथे विद्यार्थी निबंध वाचतात.

दोघांच्या मैत्रीचं उदाहरण हवं तर जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई. एक बंगाली, फारसी साधनांत मुरलेला; दुसरा मराठी, मोडी कागदांत मुरलेला. दोघांचा पत्रव्यवहार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला आणि अखेरच्या वर्षांपर्यंत टिकला. एकानं मराठी संदर्भ मागायचा, दुसऱ्यानं फारसी, आणि एकमेकांची चूक स्पष्ट शब्दांत सांगायची. सरकार सरदेसाईंकडे कामशेतला येऊन राहायचे, दोघं मिळून ऐतिहासिक स्थळं पाहायला जायचे. सरदेसाईंनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्या कामामागेही हा आधार होता. आज आपण ज्याला समवयस्कांची साथ म्हणतो, ती यापेक्षा वेगळी काय असते?

युरोपात हीच गोष्ट 'सेमिनार' या नावानं रुळली. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये जर्मन इतिहासकार रांके आपल्या घरी मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन मूळ कागद वाचायचे. लंडनमध्ये १९२१मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च स्थापन झाली ती याच धर्तीवर, आणि आज तिच्याशी जोडलेलं 'हिस्टरी लॅब' हे जाळं खुद्द संशोधक विद्यार्थीच चालवतात.

गट कसा बांधायचा

चार ते सहा जण पुरेत. त्याहून मोठा गट झाला की व्याख्यानमाला होते आणि लाजाळू मुलं गप्प बसतात. सगळे एकाच गाइडकडचे नसावेत, कारण मग बोलताना मन मोकळं राहत नाही. कालखंड वेगळे असले तर बिघडत नाही, उलट बरंच. शिवकाळावर काम करणाऱ्याला विसाव्या शतकातल्या गिरणी कामगारांवर काम करणारी विचारते, 'पण हे सामान्य रयतेला कसं कळलं असेल?' आणि तो प्रश्न त्याला स्वतःला कधी सुचला नसता.

माझ्या मते अशा गटानं सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीला द्यावा, आणि ती म्हणजे एकमेकांचे मसुदे वाचणं. इतिहासाचे विद्यार्थी साधनं जमवण्यात रमतात. फोनमध्ये हजारो फोटो साठतात, आणि लिहिणं 'अजून एकदा मुंबईला जाऊन आलो की सुरू करतो' म्हणून लांबत जातं. दर महिन्याला एकानं दहा-बारा पानं द्यायची, बाकीच्यांनी ती आधी वाचून यायची, हा नियम ठेवला की लिखाण आपोआप हलतं. बोलताना लेखकानं पहिली काही मिनिटं गप्प राहायचं. वाचणाऱ्यांनी आधी सांगायचं की त्यांना या पानांतून काय समजलं. लेखकाला जे सांगायचं होतं आणि समोरच्याला जे समजलं, यातलं अंतर तिथल्या तिथे उघडं पडतं. व्याकरण, शुद्धलेखन नंतर. आधी विचारायचं: दावा काय आहे? पुरावा कोणता? या पुराव्यावरून दुसरं काही म्हणता येईल का?

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे. मराठ्यांच्या इतिहासावरचं, जातीवरचं, वसाहतकाळावरचं बरंच महत्त्वाचं लेखन इंग्रजीत आहे, तेही जड इंग्रजीत. कित्येक हुशार मुलं त्यापुढे स्वतःला कमी समजतात. यावर गटाइतका सोपा उपाय नाही. पुस्तक वाटून घ्यायचं, प्रत्येकानं एक प्रकरण वाचून इतरांना मराठीत समजावून सांगायचं, आणि जिथे कळलं नाही तिथे 'कळलं नाही' असं सांगायचं. समजावून सांगताना जे अडतं ते आपल्याला समजलेलं नसतं, हे त्यातून कळतं. इंग्रजी वाचनाची भीती यानंच कमी होते.

नोंदी ठेवण्याची शिस्तही गटातच लागते. फोटो काढला की त्याच दिवशी त्याला नाव द्यायचं: संग्रहाचं नाव, रुमाल किंवा खंड क्रमांक, कागद क्रमांक, तारीख. हे न केलेल्या विद्यार्थ्याचा दोन वर्षांनी काय हाल होतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. कागद समोर आहे, मजकूर उत्तम आहे, पण तो कुठून आला हे सांगता येत नाही, म्हणजे तळटीप नाही, म्हणजे पुरावा नाही. सीनियरनं आपली नोंदवही ज्युनियरला उघडून दाखवली तर हे पाच मिनिटांत पटतं.

बाकी मदत छोटी पण मोलाची असते. अभिलेखागारात जाताना गाइडचं पत्र आणि ओळखपत्र लागतं, फोटोची परवानगी वेगळी घ्यावी लागते, कोणत्या दिवशी वाचन कक्ष बंद असतो, बाहेरगावाहून येणाऱ्या मुलीनं राहायचं कुठे. फेलोशिपचंही तसंच. नेट-जेआरएफ मिळालेल्याला २०२३पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात, बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य संस्थांच्या फेलोशिप आहेत, भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची आहे. पण जाहिरात कधी निघाली, कोणता दाखला लागतो, प्रगती अहवाल कसा लिहायचा, हे आधी गेलेल्यांनाच नीट माहीत असतं. कॉलेज ग्रामीण भागात असेल तर ही माहिती तिथपर्यंत पोचेस्तोवर मुदत टळलेली असते.

आणि मनाचं काय? सुट्टीच्या दिवशीही टेबलापाशी बसून काहीच न लिहिता उठणं, आरएसीच्या आधी झोप न लागणं, बरोबरीच्यांची घरं झाली नि आपण अजून विद्यार्थीच, हे बहुतेकांच्या वाट्याला येतं. सोबत्यांना ते सांगता आलं की निम्मं ओझं उतरतं, कारण समोरचाही तिथूनच चाललेला असतो. तरी गट म्हणजे डॉक्टर नव्हे. कोणी खाणं-पिणं सोडलंय, बोलणं तोडलंय, जगण्यालाच कंटाळल्याचं बोलतंय, तर वेळ न घालवता त्याला तज्ज्ञाकडे न्यावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

मदतीची हद्द

इथे काही गोष्टी रोखठोक ठरवायला हव्यात. मसुदा वाचून शंका विचारणं ही मदत. परिच्छेद लिहून देणं ही मदत नव्हे. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांचा धंदा चालतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रामाणिकपणे पाच-सहा वर्षं घालवणाऱ्यांच्या कष्टांवर तो पाणी फिरवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्यानं कारवाई आहे. पण सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडून नाव गाळलं तर ते सॉफ्टवेअरला कळत नाही. ते ओळखायला माणूसच लागतो. प्रबंध शेवटी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढतो आणि जगभर कोणालाही तो उघडून पाहता येतो.

दुसरी हद्द श्रेयाची. कागद ज्याला सापडला त्यानं तो आधी वापरावा, इतरांना हवा असेल तर विचारून घ्यावा, आणि तळटीपेत नावानिशी सांगावं की हा कागद अमुकनं दाखवला. हे पहिल्याच बैठकीत बोलून घेतलं नाही, तर एका दुर्मीळ पत्रावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. लिप्यंतरात कोणी अडलेला शब्द लावून दिला, तरी त्याची नोंद करावी. छोटी गोष्ट आहे, पण आपलं काम कोणीतरी मोजतंय हे त्या माणसाला कळतं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक. इतिहासावर लिहिणाऱ्याला आपल्याकडे समाजाच्या भावनांचं भान ठेवावं लागतं. जानेवारी २००४मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, त्याची आठवण संशोधकांच्या मनात अजून आहे. घाबरून विषय सोडणं हा उपाय नाही. पुराव्याला जेवढं पेलतं तेवढंच वाक्य लिहायचं, आणि ते वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या जातींतून आलेल्या सोबत्यांना आधी वाचायला द्यायचं. एखादं विशेषण कुठे बोचतं आणि ते गाळलं तर युक्तिवादाचं काही बिघडत नाही, हे त्यांच्याकडूनच कळतं. कधी ते सांगतात की हे वाक्य बोचलं तरी ठेव, पुरावा भक्कम आहे. तोही आधारच.

व्हायवा

प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल अनुकूल आले की व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होतो. तो बंद दाराआड होत नाही. विभागातले शिक्षक, इतर संशोधक विद्यार्थी यांना तिथे बसता येतं. तरी बहुतेक विद्यार्थी पहिला व्हायवा पाहतात तो स्वतःचाच. असं करू नये. रजिस्ट्रेशन झाल्यापासून पहिल्याच वर्षात दुसऱ्यांचे दोन-तीन व्हायवा पाहून घ्यावेत. परीक्षक तिथे सहसा सोपेच दिसणारे प्रश्न विचारतात: तुमच्या प्रबंधात नवं काय? हीच साधनं का निवडली, ती का सोडली? कालखंड इथेच का संपवला? या साध्या प्रश्नांची उत्तरं देताना पाच वर्षं काम केलेली माणसंही गडबडतात, कारण त्यांना ती कधी मोठ्यानं द्यावी लागलेली नसतात. ज्यांच्या गटात दर महिन्याला कोणीतरी हेच विचारत आलेलं असतं, ते समोर पाहून बोलतात. आपल्या तारखेच्या आठवडाभर आधी गटाला बोलावून एक सराव घ्यावा. प्रत्येकानं परीक्षक होऊन तीन-तीन प्रश्न विचारावेत, त्यातला एक आपल्याला न आवडणारा असावा, आणि कोणीतरी उत्तरं किती लांबताहेत ते घड्याळ लावून पाहावं.